अडणारं दार घरीच सरळ करताना: मराठवाड्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की घरातली दारं कुरकुरायला लागतात. बेडरूमचं दार खांद्यानं ढकलावं लागतं, देवघराचं लागतच नाही, बाथरूमचं लागलं तर उघडत नाही. मग मिस्त्रीला फोन जातो, तो येतो, रंधा मारतो आणि जातो. पुढच्या वैशाखात त्याच दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीतला टीव्ही दिसतो. बहुतेक अडणाऱ्या दारांना आधी पेचकस लागतो, रंधा नाही, आणि खाली दिलेली उत्तरं याच क्रमानं जातात. ती घराच्या आतल्या दारांसाठी आहेत.

दार पावसाळ्यातच का अडतं?

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ओलावा घेतला की ते रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून दार उंच होत नाही, रुंद होतं आणि कुलपाच्या बाजूला चौकटीला घासतं.

मराठवाड्यात हा त्रास जास्त जाणवतो, कारण इथं वर्षभरात हवा फार बदलते. मे महिन्यातल्या दुपारी आर्द्रता २०-३० टक्क्यांवर येते आणि ऑगस्टमध्ये सकाळी ८० च्या पुढं जाते. कोकणात हवा बारमाही दमट असते, तिथलं दार एकदा फुगून बसतं. आपल्याकडचं दार दरवर्षी सुकतं आणि दरवर्षी फुगतं.

किती फुगतं याचा हिशेब करता येतो. अडीच फूट, म्हणजे ७५० मिमी रुंदीचं सागवानी फळ्यांचं दार घ्या. फळ्या साध्या चिरलेल्या असतील आणि लाकडातला ओलावा ४ टक्क्यांनी वाढला, तर दार साडेपाच-पावणेसहा मिमी रुंद होतं. सुताराच्या भाषेत जवळपास दोन सूत. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिमी.) त्याच मापाचं पॅनेलचं दार मात्र दीड मिमीच वाढतं. त्यात मधली पॅनेलं खाचेत मोकळी बसलेली असतात आणि रुंदीत फक्त दोन्ही बाजूंच्या चार-चार इंची उभ्या पट्ट्या फुगतात. जुन्या सुतारांनी पॅनेलची दारं नुसती शोभेसाठी केलेली नाहीत. सागवान तरी कमी हलणारं लाकूड आहे. आंबा किंवा कडुनिंबाचं दार, तेही नीट न सुकवता केलेलं, याहून जास्त नखरे करतं.

आमचं दार तर ऐन उन्हाळ्यात अडतं. तेव्हा हवा कोरडी असते ना?

बाहेर कोरडी असते. खोलीत कूलर आहे का ते बघा. गवताच्या जाळीचा कूलर रात्रभर पाणी हवेत सोडतो. खिडकी बंद असली की तो ओलावा खोलीतच राहतो आणि दार एका अंगानं ओलं, दुसऱ्या अंगानं कोरडं होतं. अशानं दार नुसतं फुगत नाही, वाकतं. खिडकी चार बोटं उघडी ठेवा, म्हणजे कूलर गारही जास्त करेल. कूलरचा झोत थेट दारावर येत असेल तर त्याचं तोंड फिरवा. हंगाम संपला की दार बहुधा आपोआप जागेवर येतं. त्याला हात लावू नका.

कूलर नसेल तर संशय घराच्या पायावर घ्यायचा. त्याबद्दल पुढं लिहिलं आहे.

दार नेमकं कुठं अडतंय हे कसं ओळखायचं?

इथं घालवलेली पंधरा मिनिटं पुढचा सगळा दिवस वाचवतात, म्हणून हे सावकाश करा.

दार हळूहळू बंद करत आणा आणि अडायच्या थोडं आधी थांबा. आता चारही बाजूंची फट बघा. आगपेटीची काडी साधारण दोन मिमी जाडीची असते. ती फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवा. जिथं ती सहज जाते तिथं ठीक आहे. जिथं जात नाही तिथं पेन्सिलीनं खूण करा. दाराच्या दोन्ही बाजूंना आणि वर दोन-तीन मिमी फट असावी, खाली पाच-सहा मिमी.

मग चौकटीच्या आतल्या कडेला खडू घासा, दार लावा आणि उघडा. दाराच्या कडेवर जिथं खडू उतरला तिथंच ते घासतंय. रंग झिजून चमकणारी जागाही तेच सांगते.

आता अर्थ लावायचा. बिजागरीच्या बाजूला वरची फट मोठी, खालची लहान, आणि दार कुलपाच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात किंवा खाली फरशीला घासत असेल, तर दार उतरलंय. वरची बिजागरी सैल आहे. लाकूड फुगलेलं नाही. घरांतली निम्मीअधिक अडणारी दारं याच प्रकारात मोडतात असं माझं मत आहे.

कुलपाच्या बाजूला वरपासून खालपर्यंत सारखंच घट्ट असेल तर दार खरंच फुगलंय.

वरची फट एका टोकाला मोठी आणि दुसऱ्या टोकाला शून्य असेल, आणि बिजागऱ्या पक्क्या असतील, तर चौकट तिरकी झाली आहे. खात्रीसाठी चौकटीचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा. डावा वरचा कोपरा ते उजवा खालचा, मग उलट. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. पाच-सहा मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर दोष दाराचा नाही.

दार वर आणि खाली टेकतं, पण मध्ये चौकटीपासून सुटलेलं राहतं? किंवा वर टेकतं आणि खाली इंचभर बाहेर? मग दार वाकलंय किंवा पिळलंय. रंधा मारून पीळ जात नाही.

वरची बिजागरी सैल आहे. स्क्रू फिरवला तर नुसता फिरतो, धरत नाही.

भोक मोठं झालंय. दाराच्या कुलपाकडच्या कडेखाली लाकडी पाचर किंवा घडी घातलेलं वर्तमानपत्र सारून आधी दाराचा भार उचला, नाहीतर स्क्रू काढताच ते खाली बसेल. मग एका बिजागरीचे स्क्रू काढा. भोकात फेविकॉल सोडा आणि त्यात गुल काढलेल्या आगकाड्या किंवा बांबूच्या चोया ठासून भरा. बाहेर आलेलं टोक पटाशीनं कापून सपाट करा. रात्रभर वाळू द्या. सकाळी मध्यभागी बारीक भोक पाडून तेच स्क्रू पुन्हा बसवा. भोक न पाडता स्क्रू दामटला तर काड्या बाजूला सरकतात आणि केलेलं वाया जातं.

दुसरा उपाय लांब स्क्रूचा. इंचभर स्क्रूऐवजी दोन-अडीच इंची स्क्रू चौकटीच्या बाजूनं घातला तर तो आतल्या ताज्या लाकडात धरतो. वरच्या बिजागरीचा एकच स्क्रू असा बदलला तरी दार वर उचललं जाताना दिसतं. दाराच्या बाजूनं मात्र लांब स्क्रू जपून घाला, फ्लश डोअरमध्ये तो पोकळीत जाऊ शकतो.

दाराला दोनच बिजागऱ्या असतील तर तिसरी बसवा. जड सागवानी दाराला दोन पुरत नाहीत. तिसरी मध्यापेक्षा थोडी वर बसवावी, कारण ओढ वरच्या बाजूला जास्त असते.

स्क्रू घट्ट आहेत, तरी दार उतरलेलंच आहे. मग?

मग पुठ्ठा. लग्नपत्रिकेचा जाड कागद यासाठी उत्तम, मराठवाड्यात त्याचा तुटवडा कधीच नसतो. खालच्या बिजागरीचं चौकटीकडचं पान सोडवा, मागं त्याच मापाचा पुठ्ठा घाला आणि पुन्हा आवळा. दाराचा खालचा भाग कुलपाच्या दिशेनं सरकतो, कुलपाकडची कड वर उचलली जाते आणि वरचा कोपरा सुटतो. एका वेळी एकच पुठ्ठा घालून दार लावून बघा. मिलिमीटरभर जाडीनं कोपऱ्यात चांगला फरक पडतो.

पुठ्ठा घालायला फट उरलीच नसेल तर उलटं करायचं. वरच्या बिजागरीची खाच पटाशीनं कागदाच्या जाडीनं खोल करायची. दोन्हींचा परिणाम एकच. पण खोदलेलं लाकूड परत येत नाही आणि पुठ्ठा कधीही काढता येतो, म्हणून आधी पुठ्ठा.

दार लोटलं की शेवटच्या दोन इंचांत रबरासारखं परत येतं.

बिजागरीच्या बाजूला लाकूड लाकडाला लागतंय. एक तर बिजागरी खाचेत गरजेपेक्षा खोल बसली आहे, किंवा स्क्रूची डोकी पानाच्या वर आली आहेत आणि एकमेकांवर आपटतात. कधी रंगाचे थर साचलेले असतात. डोकी वर असतील तर योग्य मापाचे स्क्रू घाला. खाच खोल असेल तर मागं पुठ्ठा भरा. रंग असेल तर खरवडा. अशा दाराला कुलपाच्या बाजूनं रंधा मारणं म्हणजे पायाला ठेच लागली म्हणून डोक्याला पट्टी बांधणं.

मग पावसाळ्यात रंधा मारायचाच नाही का?

शक्यतो नाही. आषाढात किंवा श्रावणात लाकूड पूर्ण फुगलेलं असतं. तेव्हा दोन-तीन मिमी काढलं की दार छान लागतं, पण वैशाखात ते सुकून आखडतं आणि तेवढीच फट कायमची राहते. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा अडलं तर पुन्हा रंधा. दोन-चार वर्षांत कडीचा दांडा भोकापर्यंत पोचेनासा होतो.

पण घरात महालक्ष्म्या बसणार आहेत, पाहुणे येणार आहेत आणि दार लागत नाही, ही अडचणही खरी आहे. तेवढ्यापुरतं असं करा. खडूनं दाखवलेल्या जागी साचलेला रंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं काढा. लाकडाला हात लावू नका, नुसता रंग. रंगाचे साचलेले थर निघाले की तेवढं बऱ्याचदा पुरतं. त्यावर मेणबत्ती घासा. साबण घासू नका, तो ओल धरतो. दाराच्या कडेवर पेन्सिलीनं घट्ट जागांच्या खुणा करून ठेवा.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की त्या खुणा बघा. दार आपोआप मोकळं झालं असेल तर रंध्याऐवजी रंगाचा ब्रश घ्या आणि उघड्या कडा बंद करा. कोरड्या हवेतही घासत असेल तर खुशाल रंधा मारा. डिसेंबर-जानेवारी हा त्यासाठी चांगला काळ. लाकूड तेव्हा ना पूर्ण फुगलेलं असतं, ना पूर्ण आखडलेलं.

कोणती हत्यारं लागतील?

चांगल्या टोकाचा मोठा पेचकस, पटाशी, हातोडी, टेप, गुण्या, पॉलिश पेपर आणि एक रंधा. कडेसाठी लांब रंधा बरा, कारण छोटा रंधा खळग्यात उतरतो आणि कड लाटांसारखी होते. चौकट उभ्यात सरळ आहे का ते बघायला ओळंबा घरात नसेल तर जाड दोऱ्याला मोठा नट बांधा.

विजेचा रंधा भाड्यानं मिळतो, पण सवय नसलेल्या हातात तो एका क्षणात दोन मिमी खातो. तो घेतलाच तर खोली अर्ध्या मिमीवर ठेवा आणि सैल बाह्या, ओढणी, गळ्यातलं उपरणं लांब ठेवा.

रंध्याच्या पात्याला धार हवी. बोथट पातं लाकूड कापत नाही, उपटतं. धारेच्या दगडावर पाणी किंवा तेल घेऊन २५ ते ३० अंशांचा कोन ठेवून घासा. पालथ्या बाजूला आलेली धारेची मुरड सपाट ठेवून काढा. धार चांगली झाली की कागदाची कड सरळ कापली जाते.

दार चौकटीतून कसं काढायचं? खीळ निघत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक साध्या बिजागऱ्यांची खीळ पक्की केलेली असते, ती ठोकत बसू नका. चौकटीकडचे स्क्रू काढा. क्रम आधी खालची, मग मधली, शेवटी वरची बिजागरी. बसवताना उलट, आधी वरची. दाराखाली पाचर घालून ठेवा आणि एक माणूस धरायला घ्या. सागवानी दार एकट्यानं पेलत नाही, आणि शेवटचा स्क्रू सुटतो तेव्हा ते हमखास आपल्याच अंगावर येतं.

स्क्रूच्या खाचेत रंग भरला असेल तर तो खिळ्याच्या टोकानं साफ करा. गंजलेल्या स्क्रूवर पेचकस ठेवून हातोडीचा एक टोला द्या, मग फिरवा.

रंधा मारायची नीट पद्धत कोणती?

आधी कडेवरची कडी, कुलपाची पट्टी, खिळे, सगळं काढा. एका खिळ्यानं पात्याला दात पडतो.

दार लांब कडेवर उभं करा. दोन पाटांच्या मध्ये धरून गोणपाटाचा आधार दिला तर ते हलत नाही. जिथवर काढायचंय तिथं दोन्ही अंगांना पेन्सिलीची रेघ मारा आणि रेघ दिसेनाशी व्हायच्या आत थांबा.

उभ्या कडेला रंधा लाकडाच्या रेषांच्या दिशेनं चालवा. सालपट लांब, गुंडाळी होऊन निघत असेल तर दिशा बरोबर आहे. टवके निघत असतील तर उलटीकडून मारा. सुरुवातीला रंध्याच्या पुढच्या भागावर भार, शेवटी मागच्या भागावर. हे उलटं झालं की दोन्ही टोकं झिजतात आणि कड मध्ये फुगते.

वरच्या आणि खालच्या कडेचं काम वेगळं आहे. तिथं उभ्या पट्ट्यांची टोकं असतात, रेषा कापलेल्या असतात. रंधा एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओढला तर शेवटच्या कोपऱ्याचा ढलपा उडतो. म्हणून दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंत यायचं. किंवा शेवटच्या टोकाला एक फालतू लाकडाचा तुकडा शिकंजात घट्ट लावायचा, ढलपा त्याचा उडू द्यायचा.

कुलपाच्या बाजूची कड अगदी काटकोनात ठेवू नका. चौकटीत आधी शिरणारा काठ दीड-दोन मिमी जास्त उतरता ठेवा. दार गोल फिरून आत येतं, त्यामुळं तो काठ सगळ्यात आधी लागतो. मिस्त्री हा उतार न सांगता ठेवतात, नवशिके विसरतात, आणि मग फट पुरेशी असूनही दार का अडतं ते कळत नाही.

खूप काढायचं असेल, तीन-चार मिमी, तर ते बिजागरीच्या बाजूनं काढा. कुलपाची भोकं जागेवर राहतात आणि रंगाचा जोड दिसत नाही. बिजागरीच्या खाचा तेवढ्या पुन्हा खोल कराव्या लागतात.

थोडं काढा, दार लावून बघा, पुन्हा काढा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

आमचं दार फ्लश डोअर आहे, वर सनमायका आहे. त्याला रंधा चालतो का?

कडेला चालतो, जपून. फ्लश डोअरच्या आत चारही बाजूंना लाकडी पट्टी असते, तिच्या आत पट्ट्या किंवा भुशाचा बोर्ड. बाहेरची पट्टी संपली की आतलं उघडं पडतं आणि दाराची ताकद जाते. म्हणून एका कडेनं चार-पाच मिमीच्या पुढं जाऊ नका. सनमायका पात्याला बोथट करतो आणि काठाला टवके सोडतो. त्याच्या काठाला कानस लावा, ती वरून आतल्या दिशेनं चालवा, उलटी चालवली तर सनमायका उचकटतो.

फ्लश डोअर रुंदीत फारसं फुगत नाही. ते पावसाळ्यात एकसारखं घट्ट झालं असेल तर आधी बिजागरी तपासा. खालच्या भागात फुगा आला असेल तर पाणी आत शिरलंय. प्लायचे थर सुटायला लागले की रंधा उपयोगाचा नाही.

जुन्या शहाबादी फरशीवर नव्या टाइल्स बसवल्या आणि सगळी दारं खाली घासतात.

आजकाल ही तक्रार पावसाळ्यापेक्षा जास्त ऐकू येते. इथं रंधा नाही, करवत लागते. दार लावलेलं असतानाच फरशीवर सहा मिमीची पट्टी ठेवून तिच्यावरून रेघ मारा, म्हणजे फरशीचा उतारही रेघेत येतो. दार पूर्ण उघडून मोकळ्या जागेतही तपासा. कित्येकदा दाराशी फरशी सपाट असते आणि खोलीत आत उंच होते.

रेघेवर चिकटपट्टी लावा, त्यावर पुन्हा रेघ मारा आणि धारदार चाकूनं ती खोल ओढा. हातकरवतीनं कापताना चांगली बाजू वर ठेवा. विजेच्या गोल करवतीनं कापताना चांगली बाजू खाली ठेवा, तिचे दात खालून वर येतात आणि टवके वर उडतात. नंतर कापलेली कड बंद करायला विसरू नका, कारण फरशी पुसायचं पाणी थेट तिथं लागतं.

बाथरूमचं दार दरवर्षी खालून फुगतं.

लाकडी असेल तर खालची कड नागडी आहे, पैज लावा. सुकल्यावर तेल-रंगाचे दोन-तीन हात द्या आणि आतल्या बाजूनं खाली फूटभर ॲल्युमिनियमचा पत्रा मारा. पत्रा लावण्याआधी लाकूड पूर्ण सुकलेलं असावं, नाहीतर ओल आतच कोंडते. फायबर किंवा पीव्हीसीच्या दाराला रंधा मारू नका, ते आतून पोकळ असतं. त्याचं जे काय करायचं ते बिजागरीतच करा.

घरात वयस्कर माणूस असेल तर बाथरूमचं अडणारं दार पुढच्या आठवड्यावर टाकू नका. आत अडकलेल्या माणसाला बाहेर काढायला कडी बाहेरून उघडता येईल अशी सोय करा.

तासून झाल्यावर कडेला काय लावायचं?

त्याच दिवशी काहीतरी लावा. उघडं लाकूड रात्रीतून ओल घ्यायला लागतं. प्रायमर आणि वर तेल-रंगाचे दोन हात, किंवा पॉलिश केलेल्या दाराला वार्निशचे दोन हात. वरची आणि खालची कड सगळ्यात महत्त्वाची, कारण कापलेल्या टोकांतून लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं, आणि रंगारी नेमक्या याच दोन कडा सोडतो. दिसत नाहीत ना!

उकळलेलं जवसाचं तेलही चालतं. पातळ हात द्या आणि अर्ध्या तासानं उरलेलं पुसा. ज्या चिंधीनं पुसलं ती मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि अशी चिंधी आपोआप पेटू शकते, आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच. ती पाण्यात भिजवा किंवा बाहेर दोरीवर पसरून वाळवा.

बिजागरी कुरकुरते. घरातलं करडईचं तेल घालू का?

नको. करडई खाण्यासाठी उत्तम, पण तिचं तेल हवेत वाळून घट्ट होतं. जवसाच्या तेलाचाच तो गुण आहे, म्हणून करडईचं तेल रंगातही वापरतात. बिजागरीत त्याचा चिकटा होतो, धूळ बसते आणि वर्षभरात जास्त कुरकुर ऐकू येते. शिलाई मशीनचं तेल दोन थेंब घाला.

कडी भोकात बसत नाही, बाकी दार ठीक आहे.

चौकटीवरच्या पट्टीचं भोक कानशीनं ज्या बाजूला हवं तिकडं वाढवा. पट्टी सरकवण्यापेक्षा हे सोपं.

जुन्या वाड्यातलं दार आहे, त्याला बिजागऱ्याच नाहीत.

अशा दाराच्या वर आणि खाली लाकडातच गोल खुंटी घडवलेली असते. ती उंबऱ्यातल्या आणि वरच्या आडव्या लाकडातल्या खोबणीत फिरते. दार खाली बसतं ते खालची खुंटी किंवा खोबण झिजल्यानं. खोबणीतली वर्षानुवर्षांची माती आणि गंजलेले कण खरवडून काढा, झिजलेल्या तळाशी पितळेची किंवा लोखंडाची चकती घाला, दार तेवढं वर येतं. चकती घालायला दार उचलावं लागतं आणि ते दोन माणसांचंही काम नाही. गणेशपट्टी, कोरीव चौकट असं काही असेल तर तिथं पटाशी घेऊन स्वतः जाऊ नका. ही कामं जाणणारा सुतार अजून गावोगावी सापडतो, त्याच्या सवडीनं करून घ्या.

जुना रंग घासताना काही काळजी घ्यायची?

घ्यायची. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तेल-रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, पाणी मारून घासा, मास्क लावा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका. धूळ झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

चौकटीच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरकी तड गेली आहे. दारही त्याच वेळी अडायला लागलं.

हे सुताराचं काम नाही. मराठवाड्यातली बरीच घरं काळ्या मातीवर आहेत. दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी मिळालं की ती फुगते, सुकली की आखडून भेगा पडतात. पाया मुरुमापर्यंत नेलेला नसेल तर घराचा एक कोपरा पावसाळ्यात उचलला जातो आणि उन्हाळ्यात खाली बसतो. भिंतीबरोबर चौकट तिरकी होते. दार मात्र काटकोनातच राहतं, म्हणून अडतं. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं अशा मातीसाठी खाली फुगवटा असलेल्या पाइलच्या, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांच्या, पायाची पद्धत विकसित केली, ती याच कारणानं. पण बांधून झालेल्या घरात तो उपाय कुठून करणार?

करता येण्यासारखं असं. पायाशी पाणी मुरू देऊ नका. छताचं पाणी पाइपनं लांब सोडा, गळका नळ बंद करा, भिंतीला लागून बाग करू नका, घराभोवती उताराचा कोबा करा. तडीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खुणा करून त्यांतलं अंतर आणि तारीख तिथंच लिहा. उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते अशी तड मातीची. सतत वाढत जाणारी तड इंजिनिअरला दाखवायची. तोवर दाराला रंधा मारू नका, चौकट परत फिरली तर भगदाड पडेल.

भूकंपाच्या धक्क्यानंतर दार अचानक अडलं, तर आधी घराबाहेर या आणि बाहेरून भिंती बघा. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट लातूर-धाराशिवकडं कुणाला सांगावी लागत नाही. हिंगोली, नांदेड, परभणी भागातही मार्च आणि जुलै २०२४ मध्ये धक्के जाणवले. आदल्या दिवशी सहज लागणारं दार धक्क्यानंतर लागत नसेल तर चौकट हलली आहे, आणि ती भिंतीत पक्की असते, म्हणजे भिंत हलली आहे.

चौकट ठोकली की पोकळ आवाज येतो.

वाळवी. पेचकस टोचून बघा, आत गेला तर लाकूड संपलंय. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसतील. औषध मारणाऱ्याला बोलवा, चौकट बदला, मग दाराचं बघा.

लोखंडी किंवा सिमेंटच्या चौकटीत काय करायचं?

तिथं सगळं दारातच करावं लागतं. लोखंडी चौकटीला बिजागरी वेल्डिंगनं बसवलेली असेल तर पुठ्ठ्याचा उपाय दाराकडच्या पानामागं करा. चौकटीचा गंज फुगूनही दार अडतं. गंज घासून काढा, रेड ऑक्साइड लावा. सिमेंटच्या चौकटीत बिजागरीचा लाकडी गुटका निसटला असेल तर तो मिस्त्रीकडून पुन्हा भरून घ्या.

नवीन दार करून घेतोय. मिस्त्रीला काय सांगू?

लाकूड कधी चिरलं ते विचारा. किनवटकडचं सागवान असो की चौकटीसाठी सर्रास वापरलं जाणारं मलेशियन साल, ओलं चिरून लगेच केलेलं दार पहिल्याच उन्हाळ्यात सांगून जातं. लाकूड घरात आणून महिनाभर, पट्ट्यांवर हवा खेळेल असं रचून ठेवता आलं तर ठेवा. फ्लश डोअर घेत असाल तर त्यावर आयएस २२०२ (फ्लश डोअरचं भारतीय मानक) चा शिक्का बघा. दार पावसाळ्यात बसवत असाल तर फट कमी ठेवू द्या, उन्हाळ्यात बसवत असाल तर दोन्ही बाजूंना पुरेपूर एक सूत मागा, मिस्त्री नाही म्हणाला तरी. तीन बिजागऱ्या, दोन-अडीच इंची स्क्रू. आणि दार चौकटीत चढवण्याआधी, आडवं असतानाच, वरच्या आणि खालच्या कडेला रंग लावून घ्या. आधीच बसवून झालं असेल तर खालची कड बघायला फटीखाली छोटा आरसा सरकवा, पांढरं लाकूड दिसलं तर रंगाऱ्याला पैसे द्यायच्या आधी दार उतरवून तेवढं करून घ्या.